बियाण्याच्या टोपलीतलं ब्रेलयंत्र

रिना रामटेके येणार असल्याचा फोन कोसमटोल्याला आदल्या दिवशी दुपारी गेला आणि लालसू मडावीच्या घरात सगळ्यांची तोंडं उतरली. रिनाला हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

रिना चंद्रपूरच्या एका संस्थेत अंध माणसांना ब्रेल शिकवायची. ती स्वतः जन्मापासून अंध होती आणि वय होतं तेहतीस. महिन्यातले आठ-दहा दिवस एसटीनं आणि काळीपिवळी जीपनं ती गावोगाव फिरायची. हातात पांढरी काठी आणि पाठीवर पिशवी. त्या पिशवीत जाड कापडाच्या खोळीत तिचं स्वतःचं ब्रेलयंत्र असायचं. ते शाळेच्या वहीएवढं होतं. पुढच्या कडेला वीस बारीक घरं होती आणि प्रत्येक घरात मोहरीएवढे ठिपके वर यायचे, खाली जायचे. बोट फिरवलं की ओळ वाचून व्हायची, बटण दाबलं की त्याच जागी पुढची ओळ उठायची, आणि वरच्या सहा कळा दाबून लिहिताही यायचं. पोतंभर कागद लागेल एवढा मजकूर त्या एका पेटीत मावायचा. तिच्या सख्ख्या बहिणीलाही त्याला हात लावायची मुभा नव्हती.

असलीच तीन यंत्रं संस्थेला मिळाली होती आणि त्यातलं एक तिनं ऑगस्टात लालसूला दिलं होतं. लालसू तिचा सगळ्यात वयस्क विद्यार्थी, चव्वेचाळीस वर्षांचा. पाच वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याचा चेहरा फाडला. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. त्याआधी ग्रामसभेत आलेली पत्रं, ठराव, नोटिसा मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्याचंच असायचं. सातवी पास होता आणि आवाज खणखणीत होता. डोळे गेल्यावर ते काम दुसऱ्याकडे गेलं. कुणी त्याला नको म्हटलं नाही. फक्त विचारणं थांबलं.

ब्रेल शिकताना त्याची बोटं आडवी आली. कुऱ्हाड आणि नांगर धरून ती इतकी राठ झाली होती, की सहा ठिपके त्याला एकच गाठ वाटायचे. रिनानं वर्षभर त्या बोटांवर मेहनत घेतली. कोमट पाण्यात हात बुडवायला लावले, तेल लावायला लावलं, तांदूळ आणि कुळीथ एकत्र करून निवडायला लावले. शेवटी डाव्या हाताच्या तर्जनीनं साथ दिली. दीड वर्षानं तो पहिलं पान सलग वाचू शकला, तेव्हा रिना त्याच्याइतकीच थकली होती.

यंत्र देताना तिनं अकरा नियम पाठ करून घेतले होते, पाढ्यासारखे. पाणी लागू द्यायचं नाही. धूळ लागू द्यायची नाही. उन्हात ठेवायचं नाही. खरकटे, तेलकट, घामट हात लावायचे नाहीत. ठिपके जोरानं दाबायचे नाहीत. वर वजन ठेवायचं नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. लालसूनं एकाही ठिकाणी न अडखळता सगळे म्हणून दाखवले होते.

आता डिसेंबर लागला होता. धानाची कापणी आटोपून मळणी सुरू होती. पोंभुर्ण्याहून निघालेल्या काळीपिवळीनं रिनाला फाट्यावर सोडलं. लालसूची बायको मंगली तिला न्यायला आली होती. एरवी वाटेत सगळ्या गावाची खबर सांगणारी मंगली आज मुकाट चालत होती.

अंगणात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास भरून राहिला होता. चहा झाला. लालसू जवळच बसला होता, पण विचारलं तेवढंच बोलत होता. रिनानं त्याला काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं. तो बराच वेळ उठला नाही. मग मंगलीच आत गेली आणि यंत्र आणून रिनाच्या हातात दिलं.

आधी वास आला, धुराचा, जुन्या भिंतीत मुरलेल्या धुरासारखा. मग कापड काढून तिनं यंत्र समोरच्या पाटावर ठेवलं, तर ते डुललं. तिनं पाट चाचपला. पाट सपाट होता. तिनं यंत्र हलकेच उलटं केलं आणि खालच्या झाकणावरून बोटं फिरवली. मधोमध फुगवटा होता, भाकरी फुगावी तसा. झाकणाची एक कड खाचेतून निसटली होती. प्लॅस्टिक कोमट लागत होतं.

आतली बॅटरी फुगली होती.

"हे चार्जिंगले लावलं होतं का?"

मंगलीनं आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. काल संध्याकाळी लावलं होतं आणि सकाळी परत. गरम व्हायला लागलं म्हणून तुम्हाला आणायला निघायच्या आधी काढलं.

रिनाच्या मनात राग उसळला होता, पण आधी काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं यंत्र दाबलं नाही, झाकण नीट बसवायचा प्रयत्नही केला नाही. अंगणात तणसाची गंजी होती, मळलेल्या धानाची रास होती, घराच्या छपराला बांबू होते. एक ठिणगी पुरली असती. जवळपास गवत-पाला नाही अशी दगडाची जागा आहे का, असं तिनं विचारलं. घरामागं मोहाच्या झाडापलीकडं खडक होता. कोरडी रेती आणि रुंद तोंडाचं मडकं आणायला तिनं मंगलीला सांगितलं.

मग दोन्ही तळहातांवर यंत्र आडवं धरून ती निघाली. काठी पाटाजवळच राहिली. मंगलीनं तिचं कोपर धरलं होतं. एरवी अशी कुणी वाट दाखवलेली रिनाला आवडायची नाही. आज ती पाऊल टाकायच्या आधी मंगलीच्या शब्दाची वाट पाहत होती. मागून लालसू शेजारच्या पोरांना लांब राहायला सांगत होता. खडकावर मडक्यात रेती घातली, यंत्र अलगद त्यावर ठेवलं आणि सगळे दूर झाले.

"फुटते का जी?" मंगलीनं विचारलं.

"बहुतेक नाई फुटत. पण फुटलंच तर तिथी फुटू द्या. कोणी जवळ जाऊ नका."

रिनानं संस्थेच्या आदेशला फोन लावला. यंत्रांची दुरुस्ती तोच पाहायचा. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, की एसटीत बसून ते अजिबात आणू नका, उघडू नका, परत चार्जिंगला तर लावूच नका. मी जीप घेऊन येतो. यायला चार वाजतील म्हणाला. तेव्हा अकराच वाजले होते.

ते पाच तास रिनाला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिले.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिघं बसली. रिनानं विचारलं, की यंत्राला धुराचा एवढा वास कशानं आला. लालसूनं सांगितलं, की ते चुलीवरच्या टोपलीत ठेवलं होतं. आढ्याला टांगलेली ती टोपली घरातली सगळ्यात सांभाळायची जागा. तिच्यात पुढच्या सालाचं बियाणं राहायचं. खालून चुलीचा धूर लागतो म्हणून कीड लागत नाही, उंदीर पोचत नाही, ओल येत नाही, पोरांचा हात पुरत नाही. घरातली दुसरी कुठलीही चीज त्यानं त्या टोपलीत ठेवली नव्हती.

चार महिने रोज दोन वेळच्या चुलीची धग खाऊन ती बॅटरी शिजत राहिली होती. पार उतरली होती. आणि कालपासून तिच्यात वीज भरली गेली होती.

"चार महिने?" रिना म्हणाली. "मग वाचलं कधी तुम्ही?"

तिनं आवाज चढवला. दीड वर्षं घासून तुमची बोटं तयार केली ती यंत्र टांगून ठेवायला का, असं ती म्हणाली. संस्थेत रांगेत किती लोक आहेत तेही सुनावलं. लालसूनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात त्यानं नियम म्हणायला सुरुवात केली. पाणी नाही, धूळ नाही, ऊन नाही, घामट हात नाही, दाब नाही. अकराच्या अकरा म्हटले. शेवटी म्हणाला,

"बाई, तुमी सांगतलं ते सारं केलं. वापरा म्हून तुमी कधी सांगतलंच नाई."

तिनं मनातल्या मनात नियम पुन्हा मोजले. खरंच, त्यात एकही करायचं असं नव्हतं. अकराही न करायचेच होते.

पण तेवढंच कारण नव्हतं. बाकीचं मंगलीनं सांगितलं. सुरुवातीचे आठ-नऊ दिवस लालसू रोज वाचायचा. काम आटोपलं की हात धुवायचा, पुसायचा आणि ओसरीवर बसायचा. मग एक दिवस सातव्या घरातला एक ठिपका वर येईना. 'क' आणि 'अ' यातला फरक कळेना. त्याला वाटलं, आपल्या राठ बोटानं मोडला. मंगलीनं फोन करायला सांगितलं, तर तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी यंत्र टोपलीत गेलं.

"काऊन नाई केला फोन?" रिनानं विचारलं. "एखादा ठिपका अडकते. कोरड्या, स्वच्छ बोटानं दोन-चार वेळा हलकं चोळलं की सुटते. मी फोनवर सांगतलं असतं."

"त्या पोरीचं मले माहीत होतं ना जी," लालसू म्हणाला.

कोणत्या पोरीचं, हे रिनाला विचारावं लागलं नाही. ती मूल गावची दीपिका, सतरा वर्षांची. गेल्या वर्षी संस्थेच्या वर्गात यंत्र परत करताना तिनं ते हात धुवायच्या औषधानं पुसलं होतं. पातळ औषध ठिपक्यांच्या भोकांतून आत गेलं आणि सहा घरं निकामी झाली. रिनानं तिथंच, बारा जणांसमोर, यंत्र तिच्याकडून काढून घेतलं होतं. लालसू त्या बारा जणांत होता.

"तुमी म्हटलं होतं, ज्याले चीजेची कदर नाई त्याच्या हाती चीज देऊ नये. ते पोरगी रडली नाई. चूपचाप उठून गेली. मंग कधी आली नाई." लालसू म्हणाला. "माहं वय झालं. माह्या हातून काढून घेतलं असतं सगळ्यासमोर, तर मी गावात तोंड कसं दाखवलं असतं?"

रिनाला ते वाक्य आठवत होतं. तेव्हा आपण योग्य बोललो असंच तिला वाटलं होतं, उलट आता तरी सगळे सांभाळून वागतील म्हणून बरंही वाटलं होतं. लहानपणी तिचं पहिलं यंत्र शाळेच्या कपाटात कुलपात असायचं आणि आठवड्यातून एकदा, बाई समोर बसल्या असतील तरच हातात मिळायचं. त्या कुलपाचा तिला किती राग यायचा! आपण स्वतः कुलूप लावलं नाही, पण माणसांच्या हातांना भीती लावून ठेवली, हे तिला मोहापलीकडच्या त्या मडक्याकडं तोंड करून बसलेली असताना उमगलं. तिनं लालसूची माफी मागितली. तो संकोचला आणि मंगलीला जेवणाचं पाहायला सांगू लागला.

चारच्या सुमारास आदेश आला. त्यानं पत्र्याच्या पेटीत रेती घालून यंत्र ठेवलं. बॅटरी बदलावी लागेल, ठिपके मात्र शाबूत दिसतात, असं तो म्हणाला. नवी बॅटरी यायला दोन महिने लागणार होते.

जीप निघायला तयार झाली, तरी रिना बसूनच राहिली. तिनं पिशवीतून आपलं यंत्र काढलं. त्यात तिची चार वर्षांची टिपणं होती, शिकवण्याचे धडे होते, आईनं सांगितलेल्या आणि कुणालाही न दाखवलेल्या काही गोष्टी होत्या. तिनं बाजूच्या खाचेतलं मेमरी कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं आणि आदेशजवळचं, सरावाचे उतारे असलेलं कार्ड घातलं. मग यंत्र लालसूच्या मांडीवर ठेवलं.

तो हात मागं घेऊ लागला. रिनानं त्याला आधी हात धुऊन, कोरडे पुसून यायला सांगितलं. तो आल्यावर त्याची बोटं तिनं स्वतः ओळीवर ठेवली. दहा मिनिटं त्याला वाचायला लावलं. मग एकदा मुद्दाम सगळे ठिपके वर-खाली करायला लावले, खोळ घालायला लावली, काढायला लावली. चुकलं तरी काही म्हटलं नाही. यंत्र ओसरीतल्या लाकडी पेटीवर ठेवायचं, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब. बाजाराच्या दिवशी, घरात कुणी जागं असताना चार्जिंगला लावायचं, ह्याच चार्जरनं, मोबाइलच्या नाही. भरलं की काढायचं. पुसायचं ते कोरड्या मऊ कापडानं. गरम लागलं, फुगलं, वास आला तर हात न लावता फोन करायचा.

"आन् रोज वाचायचं," ती म्हणाली. "एक दिवस नाई वाचलं तरी मी विचारीन."

पुढचे दोन महिने तिला जड गेले. कागदी पानांचे गठ्ठे उचलून ती फिरली. बसमध्ये बोटांना चाळा नव्हता. आपलं यंत्र कुठल्या हातात आहे, कसं आहे, या विचारानं पहिल्या आठवड्यात तिनं रोज फोन केला. दुसऱ्या आठवड्यात लालसूनंच सांगितलं, की बाई, यंत्राची खबर घेता, तसं मी काय वाचलं तेही विचारत जा. तेव्हापासून ती तेच विचारू लागली. तो गावातल्या झाडांची गोंडी आणि मराठी नावं लिहून काढत होता. एकदा बावीस, एकदा एक्केचाळीस. मंगली झाडं आठवून द्यायची आणि भांडायचीही.

फेब्रुवारीत दुरुस्त झालेलं यंत्र घेऊन रिना आणि आदेश कोसमटोल्याला गेले. त्या दिवशी ग्रामसभा होती. सचिवानं मोहफुलाच्या हंगामाची सूचना मोबाइलवर लिहिली होती. आदेशनं ती यंत्रात घालून दिली. लालसू उभा राहिला. पहिल्या दोन ओळी अडखळत गेल्या आणि मागं कुणीतरी कुजबुजलं. तिसऱ्या ओळीपासून त्याचा आवाज सुटला. जंगलात आग लावू नये, फुलं एकट्यानं वेचायला जाऊ नये, अस्वलाचा माग दिसला तर आधी गावात सांगावं. ते शेवटचं वाचताना तो किंचित थांबला आणि त्यानं तीच ओळ पुन्हा वाचली.

रिनाचं यंत्र तिला परत मिळालं. त्याला तणसाचा बारीक वास येत होता आणि एक ठिपका सुस्त झाला होता. तिनं तो जागेवरच चोळून मोकळा केला.

त्याच आठवड्यात ती मूलला गेली. दीपिकाचं घर भात गिरणीच्या मागल्या गल्लीत होतं. भुशाची बारीक धूळ हवेत होती. दार तिची आई गुणाबाई हिनं उघडलं. तिनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत निघून गेली. दीपिका कॉलेजातून आली, समोर बसली आणि तिनं विचारलं, "कशासाठी आलात?"

रिनानं सगळं सांगितलं, लालसूचं आणि टोपलीचं. मग म्हणाली, की त्या दिवशी मी चुकले. तुला यंत्र पुसायचं कशानं ते मी सांगितलं नव्हतं.

"परत देताना स्वच्छ असलं पाह्यजे, असं तुमीच म्हटलं होतं," दीपिका म्हणाली. "मी घरून औषधाची बाटली त्याच्यासाठीच आणली होती. मले वाटलं, तुमी खुश व्हाल."

रिनानं सोबत आणलेलं यंत्र पुढं केलं. तेच होतं, सहा नवी घरं बसवलेलं. ते आता तुझ्याकडंच राहील, असं ती म्हणाली. दीपिकानं ते घेतलं नाही. मोबाइलवर ऐकून माझा अभ्यास होतो, असं तिनं सांगितलं. पण हात पुढं करून ओळ मात्र वाचली. मग पुन्हा वाचली. स्पेलिंग ऐकून कळत नाही, ते बोटाला कळतं, एवढंच ती म्हणाली. गुणाबाईनं आतून विचारलं, की गिरणीची धूळ चालते का याला. खोळ घालून झाकून ठेवलं तर चालते, असं रिनानं सांगितलं.

दीपिकाचा फोन पंधरा दिवसांनी आला. यंत्र घेईन म्हणाली, पण नवीन लोक येतील तेव्हा ते कसं सांभाळायचं हे मी सांगेन, तुम्ही नाही. रिना हो म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या वर्गाला सात जण होते. दीपिकानं कपड्याचा कोरडा तुकडा आणि मऊ ब्रश सगळ्यांच्या हातात दिला, आपण सहा घरं कशी बिघडवली ते हसत हसत सांगितलं, आणि संस्थेचं यंत्र पहिल्याच्या हातात ठेवून म्हणाली, "घ्या, वाचा. बिघडलं तर सांगा, लपवू नका." रिना मागच्या बाकावर बसून ऐकत होती. मूलची बस पकडायची म्हणून दीपिका वर्ग संपायच्या आधीच निघाली. यंत्र तेव्हा पाचव्या माणसाच्या हातात होतं आणि तो एकच ओळ परत परत वाचत होता.